वादळ आलं की आकाशातले पाळणे जातात कुठे?

फ्लोरिडाच्या दिशेने चक्रीवादळ निघालं की वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे दोन प्रकारचे फोटो हमखास फिरू लागतात. एक बंद फाटकांचे, आणि दुसरे रिकाम्या दोराचे. ‘डिस्ने स्कायलायनर’ नावाच्या रोपवेवर एरवी रंगीबेरंगी पाळणे एकामागोमाग सरकत असतात. त्या दिवशी मात्र मनोरे दिसतात, दोर दिसतो, पाळणा एकही नाही. २०२२च्या सप्टेंबरात ‘इयान’ आलं आणि २०२४च्या ऑक्टोबरात ‘मिल्टन’ आलं, तेव्हा तिथली सगळी उद्यानंच बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी बघणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. तीनशेच्या आसपास पाळणे गेले कुठे? उतरवले कसे, क्रेन आणली का? आणि इतके सहज काढता येत असतील, तर रोज दुपारच्या पावसात ते तसेच लोंबकळत का ठेवतात?

या प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात, आणि ती जागा पर्यटकांच्या फोटोत कधी येत नाही. पाळणे टांगून ठेवायची शेड. रोपवेबद्दल बोलताना आपण मोटर, मनोरे, दोराची जाडी यांबद्दल बोलतो. मला मात्र वाटतं, अशी व्यवस्था नीट चालणार की नाही हे बऱ्याच अंशी या शेडवर ठरतं. का, ते कळायला आधी दोर आणि पाळणा यांचं नातं समजून घ्यावं लागेल.

आधी ओळख

स्कायलायनर २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. ऑस्ट्रियातल्या डॉपेलमायर या कंपनीने तो उभारला. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक उद्यान नाही. चार मोठी उद्यानं, डझनावारी हॉटेलं आणि त्यांना जोडणाऱ्या बस, बोटी, मोनोरेल असा तो सगळा पसारा आहे. त्यात या रोपवेची भर पडली. कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी मुख्य स्थानक आहे. तिथून एक मार्ग हॉलिवूड स्टुडिओज उद्यानाकडे जातो, दुसरा पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या दोन हॉटेलांच्या सामायिक स्थानकाकडे, आणि तिसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉट उद्यानाच्या मागच्या प्रवेशद्वारापर्यंत. एका पाळण्यात जास्तीत जास्त दहा माणसं बसतात. वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर.

डिस्नेला हा प्रकार नवा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्कायवे’ नावाचा रोपवे १९५६पासून १९९४पर्यंत चालला. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये १९७१पासून १९९९पर्यंत तसाच एक होता. पण ती बागेतल्या बागेत करायची सैर होती. स्कायलायनर ही सार्वजनिक वाहतूक आहे. सकाळी उद्यान उघडायच्या आधी हॉटेलातली सगळी मंडळी एकदम स्थानकावर येतात, रात्री आतषबाजी संपली की सगळी एकदम परततात. सैर बंद पडली तर माणूस दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. वाहतूक बंद पडली तर हजारो लोकांसाठी बस काढाव्या लागतात.

चालत्या दोरावरून पाळणा सुटतो कसा

विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. एक गोल फिरणारी माळ, तिला ठरावीक अंतरावर बांधलेली गाडगी. माळ फिरली की गाडगी फिरतात, माळ थांबली की सगळी थांबतात. रोपवेचा दोरही असाच अखंड गोल असतो. त्याची दोन टोकं एकमेकांत विणून सांधा दिसेनासा केलेला असतो, आणि दोन्हीकडच्या स्थानकांत तो मोठ्या आडव्या चाकांभोवती फिरतो.

फरक इतकाच की इथली गाडगी माळेला कायमची बांधलेली नाहीत. प्रत्येक पाळण्याच्या डोक्यावर पोलादी जबड्यासारखी एक पकड असते. जबरदस्त ताकदीच्या स्प्रिंगांमुळे ती एरवी घट्ट मिटलेली राहते. उघडायची असेल तर जोर लावावा लागतो, मिटलेली ठेवायला काहीच करावं लागत नाही. वीज गेली म्हणून ती सुटत नाही, कारण तिला वीज लागतच नाही.

पाळणा स्थानकात शिरतो तेव्हा पकडीच्या वरचा एक दांडा तिथल्या वक्र पट्टीखाली दाबला जातो. जबडा उघडतो आणि दोर पुढे निघून जातो. पाळणा आता डोक्यावरच्या रुळावर, स्वतःच्या छोट्या चाकांवर असतो. रुळाच्या कडेला मोटारगाडीच्या टायरांसारख्या रबरी चाकांची रांग असते. पहिली चाकं वेगात फिरत असतात, नंतरची हळू, त्यानंतरची आणखी हळू. पाळणा त्यांना घासत पुढे सरकतो आणि काही सेकंदांत माणसाच्या चालीपेक्षाही मंद होतो. दारं उघडतात, तीसुद्धा रुळाकडेच्या पट्टीनेच. लोक उतरतात, नवे चढतात, दारं मिटतात. मग चाकांची उलट क्रमाची रांग पाळण्याला पुन्हा दोराच्या वेगावर आणते आणि जबडा दोरावर बसतो. पकड पुरेशी घट्ट बसली आहे की नाही, हे प्रत्येक फेरीला यंत्र तपासतं. शंका आली तर तो पाळणा बाहेर पडायच्या आतच दोर थांबतो.

बहुतेक रचनांमध्ये या रबरी चाकांना ताकद दोराच्याच मोठ्या चाकाकडून मिळते. त्यामुळे दोर मंदावला की स्थानकातली सगळी हालचाल त्याच प्रमाणात मंदावते, दोन्हींचा ताल जुळवायला वेगळा मेंदू लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते. जुन्या स्कायवेतही पाळणे दोरावरून सुटत असत, पण सुटल्यावर त्यांना ढकलायचं काम माणसं हातांनी करत.

स्थानकात गर्दी का होते

आता थोडं गणित करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष मार्गाचे नाहीत.

दोर सेकंदाला पाच मीटर धावतोय आणि दर दहा सेकंदांनी एक पाळणा सुटतोय. म्हणजे हवेत दोन पाळण्यांत पन्नास मीटर अंतर. स्थानकात मात्र पाळणा सेकंदाला पाव मीटर सरकतो, म्हणजे वीसपट मंद. मग अंतरही वीसपट आक्रसतं. पन्नास मीटरांचे अडीच मीटर होतात. पाळणाच दोनेक मीटर रुंद असेल, तर दोघांच्या मध्ये हातभर जागा उरली.

म्हणून रोपवेचा नाजूक भाग हवेत नसतो, तो स्थानकात असतो. लोकांना भीती वाटते ती उंचीची. यंत्रज्ञांचं लक्ष जमिनीलगतच्या या गर्दीवर असतं. एक पाळणा काही कारणाने अडला आणि दोर चालूच राहिला, तर दहा सेकंदांत दुसरा येऊन धडकणार, वीस सेकंदांत तिसरा. हे टाळायला रुळाच्या प्रत्येक तुकड्यावर संवेदक असतात. पाळणा ठरल्या वेळात एका तुकड्यातून पुढच्या तुकड्यात गेला नाही तर सगळं थांबायला हवं.

स्कायलायनर सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, ५ ऑक्टोबर २०१९च्या रात्री, एपकॉटच्या मार्गावर बिघाड झाला. त्या वेळच्या छायाचित्रांत रिव्हिएरा स्थानकात एकमेकांना भिडलेले पाळणे दिसतात. दोर थांबला आणि मार्गावरचे लोक सुमारे तीन तास अडकून राहिले. १४ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. ‘आकाशात अडकले’ अशा बातम्या आल्या, पण जे घडलं त्याचं मूळ आकाशात नव्हतं.

चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या किंवा चालायला वेळ लागणाऱ्या प्रवाशांसाठी काही स्थानकांवर वेगळा फाटा आहे. रेल्वे रूळ बदलते तसा डोक्यावरच्या रुळाचा सांधा बदलून पाळणा मुख्य रांगेतून बाजूला घेतात, तिथे तो पूर्ण थांबतो, आणि नंतर रांगेतल्या मोकळ्या जागेत परत सोडतात. हा सांधा नीट लक्षात ठेवा. शेडची किल्ली तोच आहे.

पाळणे किती हवेत?

आपला काल्पनिक मार्ग दीड किलोमीटरचा धरू. जाणं-येणं मिळून दोर तीन किलोमीटर. दर पन्नास मीटरला एक म्हणजे हवेत साठ पाळणे, शिवाय दोन्ही स्थानकांत मिळून आणखी काही. तासाला ३६० पाळणे सुटतात, प्रत्येकात दहा माणसं, म्हणजे एका दिशेने ३,६०० प्रवासी. अर्थात हे कागदावर. प्रत्यक्षात चार जणांचं कुटुंब अनोळखी लोकांसोबत बसायला नाखूश असतं आणि एखादी बाबागाडी तिघांची जागा खाते.

आता साठऐवजी तीसच पाळणे दोरावर ठेवले तर? आत बसलेल्याला काहीच फरक जाणवणार नाही. त्याची सफर तितक्याच मिनिटांत होईल, कारण दोराचा वेग तोच आहे. फरक जाणवेल तो खाली उभ्या असलेल्याला. पाळणा दहाऐवजी वीस सेकंदांनी येईल आणि गर्दीच्या वेळी रांग लांबेल. बसचं असं नसतं, मोनोरेलचंही नसतं. तिथे एखादी गाडी कमी झाली की मधली खिंडार सगळ्यांना जाणवते. रोपवेत पाळण्यांची संख्या हा एक फिरवायचा खटका आहे. तो फिरवायचा तर काढलेला पाळणा ठेवायला जागा हवी.

शेडमध्ये काय असतं

ही शेड बहुतेक ठिकाणी स्थानकाला लागून असते. आत जमीन जवळजवळ मोकळी, सगळी गर्दी छताला. समांतर रुळांच्या रांगा आणि त्यांना खांद्याला खांदा लावून लटकलेले पाळणे. दोरावर दोन पाळण्यांत पन्नास मीटर लागतात, इथे एकाला एक टेकवून ठेवता येतात. कडेला रबरी बफर असतात ते याचसाठी.

क्रेन लागत नाही. पाळणा रोजच्यासारखाच स्थानकात येतो, जबडा उघडतो, वेग उतरतो. फक्त पुढे दोराकडे जाण्याऐवजी सांधा बदलतो आणि तो फाट्याने शेडकडे वळतो. पुढे काही ठिकाणी रबरी चाकं किंवा साखळी त्याला ओढते, काही ठिकाणी माणूस ढकलतो. रुळावर लटकलेला रिकामा पाळणा एका माणसाला सहज ढकलता येतो, बघणाऱ्याला ते खोटं वाटतं.

अवघड जातं ते त्यातलं वेळापत्रक. स्थानकात दोन पाळण्यांत अडीच मीटरच असतात. तेवढ्यात सांधा बदलायचा, पाळणा वळवायचा, तो पुढे सरकला याची खात्री करायची आणि मागून येणाऱ्यासाठी तयार राहायचं. म्हणून पाळणे काढताना दोर अनेकदा मंद चालवतात, किंवा एका फेरीत एकाआड एक काढतात आणि उरलेले पुढच्या फेरीत. आपल्या तीन किलोमीटरच्या दोराला पूर्ण वेगात एक फेरी करायला दहा मिनिटं लागतात. वेग निम्मा केला तर वीस. त्यात एखादा पाळणा वळणावर अडला, कोणी जाऊन तो बघितला, की तास कसा गेला ते कळत नाही.

परत सोडताना आणखी एक पेच. सगळे पाळणे समान अंतरावर बसले पाहिजेत. एके ठिकाणी वीस मीटर आणि दुसरीकडे ऐंशी असं झालं तर स्थानकात एकदा चेंगराचेंगरी आणि नंतर सुनसान. शिवाय दोरावरचं वजन एका बाजूला झुकतं. म्हणून सोडण्याचं काम यंत्र घड्याळाच्या हिशेबाने करतं आणि पुढेही स्थानकात क्षणभर रोखून किंवा किंचित ढकलून अंतर जुळवत राहतं.

एक बारीक गोष्ट मला यात फार महत्त्वाची वाटते. शेडचा रूळ एकाच बाजूने उघडा असेल तर शेवटी आत गेलेला पाळणा पहिला बाहेर येणार. कमी गर्दीच्या दिवशी अर्धेच पाळणे लागतात, म्हणजे दारापाशीचे पाळणे सतत राबणार आणि भिंतीपाशीचे नुसते लटकत राहणार. काही महिन्यांत एकाची पकड झिजलेली आणि दुसऱ्याची कोरी. यासाठी प्रत्येक पाळण्याला क्रमांक असतो, तो किती तास चालला याची नोंद असते, आणि मुद्दाम अदलाबदल करावी लागते. रूळ दोन्हीकडून उघडा असेल तर हे काम सोपं होतं, पण मग जागा जास्त जाते. शेड बांधतानाच हा निर्णय घ्यावा लागतो आणि पुढे तीस वर्षं तो निस्तरावा लागतो.

रात्रभर दोरावरच लटकले तर काय बिघडतं?

कित्येक रोपवे तसंच करतात. रात्री दोर थांबवायचा, दिवे घालवायचे, सकाळी सुरू करायचा. शेड लागत नाही, सकाळ-संध्याकाळची ती कसरतही नाही. शांत हवेत याने फारसं बिघडतही नाही.

बिघडतं ते सावकाश. पाळण्याच्या खिडक्या बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या असतात आणि दारांच्या कडांना रबर असतं. फ्लोरिडाचं ऊन आणि दमट हवा दोन्हींच्या मुळावर येते. पकडी एकाच जागी दोराला चावून बसलेल्या असतात, आणि वाऱ्यावर पाळणा रात्रभर झुलला की तो ताण तिथेच पडत राहतो.

आणि कधी कधी एका रात्रीत बिघडतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, स्क्वामिश गावाजवळ ‘सी टू स्काय गोंडोला’ नावाचा रोपवे आहे. १० ऑगस्ट २०१९च्या पहाटे कोणीतरी त्याचा दोर चक्क कापला. आत कोणी नव्हतं, पण दोरावरचे पाळणे खाली कोसळले. दुरुस्ती झाली, सेवा सुरू झाली, आणि १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा तोच प्रकार. पुन्हा पाळणे जमिनीवर. नवा दोर ओढता येतो. पण पाळणे मुख्यतः मोजक्या कारखान्यांत बनतात, दुकानात जाऊन उचलून आणता येत नाहीत. दोर आणि पाळणे वेगवेगळे ठेवले असते तर नुकसान दोरापुरतं राहिलं असतं. असे लोक रोज भेटत नाहीत हे खरं. पण शेडला ‘अनावश्यक खर्च’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

चक्रीवादळात तर प्रश्नच मिटतो. पाळणा म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली चपटी पेटी. वारा बाजूने आला की तो झोके घेतो, मनोऱ्याला आपटू शकतो, आणि पाळण्यांचे असे झोके दोरालाच मनोऱ्यावरच्या चाकांतून बाहेर ओढू शकतात. गंमत अशी की रिकामा पाळणा भरलेल्यापेक्षा जास्त हेलकावतो, कारण त्याला खाली धरून ठेवणारं वजन नसतं. आणि वादळात पाळणे रिकामेच असणार. ते काढून घेतले की उरतो नुसता दोर. त्याला वारा फारसं धरू शकत नाही.

मग दुपारच्या पावसात का नाही काढत?

मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी गडगडाट जवळजवळ ठरलेला असतो, आणि विजा पडण्यात हे राज्य अमेरिकेत आघाडीवर असतं. चक्रीवादळाचा अंदाज काही दिवस आधी येतो. दुपारचं वादळ कधी कधी अर्ध्या तासात तयार होतं. पाळणे काढायला तितका वेळ हाताशी नसतोच, आणि परत लावायला पुन्हा तेवढाच लागणार. वादळ चाळीस मिनिटांचं आणि त्याची तयारी दोन तासांची, असा तो हिशेब होईल.

म्हणून विजेच्या वेळी काम वेगळं असतं, दोरावरची माणसं उतरवायची. नवे प्रवासी घेणं थांबवतात आणि आत बसलेले सगळे स्थानकात पोचेपर्यंत दोर चालू ठेवतात. मार्ग दहा मिनिटांचा असेल तर शेवटचा माणूस उतरायला दहा मिनिटं लागणारच, कितीही घाई केली तरी. म्हणजे वीज जवळ येऊन थांबण्यात अर्थ नाही, ती दूर असतानाच निर्णय घ्यावा लागतो. खाली उभ्या माणसाला वर निळं आभाळ दिसत असतं आणि फाटक मात्र बंद. तो चिडतो. त्याच्या जागी मीही चिडलो असतो.

वाऱ्याचं तसंच. मनोऱ्यांवर वेग मोजणारी यंत्रं असतात. वारा वाढला की आधी दोर मंद करतात, ठरावीक मर्यादा गाठली की माणसं उतरवून बंद. वीज कडाडत असताना दोर थांबवून जमिनीशी जोडून ठेवतात, म्हणजे पडलेली वीज नियंत्रण यंत्रणेत न शिरता सरळ मातीत जाते.

थोडं एसीबद्दल

पाळण्यात एसी नाही, आणि फ्लोरिडात यावरून सुरुवातीला बरीच ओरड झाली. कारण साधं आहे. पाळण्यापर्यंत वीज पोचवणारी तार नाही. दोर फक्त ओढतो. बॅटरीवर एसी चालवता येतो, पण बॅटरीचं वजन प्रत्येक पाळण्यात, प्रत्येक फेरीला वाहून न्यायचं आणि स्थानकातल्या त्या थोड्याशा वेळात ती भरायची. स्कायलायनरमध्ये झरोक्यांतून हवा आरपार जाईल अशी रचना आहे. पाळणा चालता असला की ती पुरते. थांबला की पुरत नाही, हे तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. उत्तर एकच, थांबे छोटे ठेवायचे. त्यासाठी पुन्हा स्थानकात गर्दी होऊ द्यायची नाही, आणि गर्दी होऊ द्यायची नसेल तर रुसलेला पाळणा झटकन फाट्यावर काढता आला पाहिजे.

दोर बंद पडला तर? आणि तुटला तर?

बंद पडण्यावर पहिला उपाय असतो दोरच पुन्हा फिरवण्याचा. मुख्य मोटर गेली तर सहसा डिझेलवर चालणारी राखीव यंत्रणा असते. ती मंद असते, पण सगळ्यांना स्थानकात आणते. शिड्या, दोरखंड आणि अग्निशमन दलाच्या उंच गाड्या हा अगदी शेवटचा मार्ग. शिवाय स्कायलायनरचा काही भाग तळ्यावरून जातो, तिथे शिडी लावायची कशावर?

तुटण्याबद्दल विचारताना अनेकांच्या मनात इटलीतली दुर्घटना असते. २३ मे २०२१ रोजी स्ट्रेसा ते मोत्तारोने या रोपवेवर १४ जण मृत्युमुखी पडले. तो प्रकार वेगळा होता. तिथे पाळणा एका स्थिर दोरावर टांगलेला आणि दुसऱ्या दोराने ओढला जाणारा. ओढणारा दोर तुटला. अशा वेळी स्थिर दोराला धरून ठेवणारा ब्रेक असतो, पण तो आधीच निकामी करून ठेवलेला होता. स्कायलायनरमध्ये टांगणारा आणि ओढणारा दोर एकच आहे. त्यामुळे तसा ब्रेक तिथे नाहीच, धरायला दुसरा दोरच नाही. सगळी भिस्त त्या एका दोरावर. म्हणून त्याची ताकद प्रत्यक्ष ताणाच्या कितीतरी पट ठेवतात, आणि चुंबकीय यंत्राने तपासून आतली एखादी तुटलेली तारही शोधतात. अशी तपासणी पाळणे काढलेल्या दोरावर नीट होते. इथेही शेड मदतीला येते.

पाळण्यांच्या पकडींचंही तसंच. त्या ठरावीक काळाने उतरवून, सुट्या करून, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांसाठी तपासतात. रोज थोडे थोडे पाळणे शेडमध्ये घेऊन हे वर्षभर चालू ठेवता येतं, कारण काही पाळणे कमी असले तरी दोर चालतो. दोराची, मोठ्या चाकांची, मनोऱ्यांवरच्या रोलरांची मोठी कामं मात्र चालत्या दोरावर होत नाहीत. म्हणून स्कायलायनर बहुतेक वर्षी जानेवारीच्या आसपास काही दिवस पूर्ण बंद ठेवतात. त्या दिवसांत तिथे जाणाऱ्यांची निराशा होते, पण ऐन उन्हाळी गर्दीत बंद पडण्यापेक्षा हे परवडलं.

वादळ गेलं, ऊन पडलं, तरी सुरू का नाही?

कारण पहिली फेरी पाळण्यांची नसतेच. आधी माणसं मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत बघत जातात. दोर प्रत्येक रोलरवर बसलेला आहे का, एखादी फांदी अडकली आहे का, वाऱ्याचे मापक शाबूत आहेत का. मग नुसता दोर अगदी मंद फिरवतात, एक पूर्ण फेरी. ब्रेक लावून बघतात. त्यानंतर शेडमधून पाळणे एकेक करून सोडायला लागतात, रिकामे. प्रत्येकाची पकड बसते का, दार मिटतं का, अंतर जुळतं का, हे बघत.

चाचणी रिकाम्या पाळण्यांवरच का, याचं उत्तर हाँगकाँगमध्ये मिळालं आहे. तिथल्या ‘न्गोंग पिंग ३६०’ या रोपवेवर ११ जून २००७च्या संध्याकाळी, प्रवासी घरी गेल्यानंतर, ब्रेकची वार्षिक चाचणी चालू होती. त्यात एक पाळणा सुटून सुमारे पन्नास मीटर खाली पडला. कोणालाही इजा झाली नाही. वर्ष संपेपर्यंत तो रोपवे बंद राहिला आणि चालवणारी कंपनी बदलली.

रिकाम्या फेऱ्या मनासारख्या झाल्या की मगच स्थानकाचं फाटक उघडतात. तेही बहुधा सगळे मार्ग एकदम सुरू होतील असं नाही. ज्या मार्गाचे पाळणे आधी लागले आणि तपासून झाले, तो आधी.